टोयोटा ते लेक्सस : सामान्यांच्या मोटार कंपनीचा आलिशान बाजारपेठेतील प्रवेश

प्रस्तावना

स्वस्त, टिकाऊ गाड्यांसाठी ओळखली जाणारी कंपनी श्रीमंतांसाठी गाडी बनवू लागते, तेव्हा तिच्यापुढे दोन कामे असतात. पहिले, तशी गाडी बनवणे. दुसरे, त्या कंपनीला तेवढे पैसे मोजायला ग्राहकाला तयार करणे. ही दोन कामे किती वेगळी आहेत, हे टोयोटाच्या लेक्सस प्रकल्पावरून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

टोयोटाने १९५७ मध्ये अमेरिकेत पाऊल ठेवले. तिची टोयोपेट क्राउन ही पहिली गाडी तेथील लांब, वेगवान महामार्गांवर टिकली नाही. पुढे कोरोलासारख्या लहान गाड्यांनी कंपनीचा जम बसवला. १९७० च्या दशकातील तेलटंचाईत कमी पेट्रोल खाणाऱ्या जपानी गाड्यांची मागणी वाढली आणि अमेरिकी कारखानदार व कामगार संघटना अस्वस्थ झाल्या.

त्यातून १९८१ मध्ये जपानने अमेरिकेला होणाऱ्या मोटारींच्या निर्यातीवर 'स्वेच्छेने' मर्यादा घातली : वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्या. मर्यादा संख्येवर होती, किमतीवर नव्हती. त्यामुळे प्रत्येक गाडीमागे अधिक नफा मिळवणे हाच वाढीचा मार्ग उरला. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागला. डॉलरला सुमारे २४० येन हा दर १९८८ पर्यंत सुमारे १३० वर आला. जपानहून स्वस्त गाडी पाठवणे आता पूर्वीइतके फायद्याचे राहिले नाही. होंडाने १९८६ मध्ये अ‍ॅक्युरा ही वेगळी नाममुद्रा अमेरिकेत आणली, ती याच परिस्थितीत.

गाडीची निर्मिती

१९८३ मध्ये अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी जगातील सर्वोत्तम गाड्यांच्या तोडीची सेडान बनवण्याचा प्रश्न सहकाऱ्यांपुढे ठेवला. मुख्य अभियंता इचिरो सुझुकी यांनी आखलेली उद्दिष्टे परस्परविरोधी होती. गाडी ताशी २५० किलोमीटर वेगाने धावावी, पण जादा पेट्रोल खाणाऱ्या गाड्यांवरील अमेरिकी कर तिला लागू नये. ती अतिशय शांत असावी, पण जड नसावी. आवाज दाबण्यासाठी जाड अस्तरे लावली, की वजन वाढते आणि त्याबरोबर पेट्रोलही. म्हणून आवाज झाकण्यापेक्षा तो जेथे निर्माण होतो तेथेच कमी करायचे ठरले. इंजिनाचे सुटे भाग नेहमीपेक्षा अधिक अचूक मापात घडवले गेले.

एलएस ४०० ही गाडी जानेवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि सप्टेंबरमध्ये विक्रीस आली. चार लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि सुमारे ३५,००० डॉलर किंमत. तोडीच्या जर्मन गाड्या बऱ्याच महाग होत्या.

नावाचा प्रश्न

गाडीवर टोयोटाचे नाव नव्हते. तिच्यासाठी स्वतंत्र विक्रेते आणि स्वतंत्र दालने उभारली गेली. डिसेंबर १९८९ मध्ये क्रूझ कंट्रोल व ब्रेकचा दिवा यांसंबंधी दोनच ग्राहकांच्या तक्रारी आल्या. कंपनीने विकलेल्या सुमारे ८,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मालकांच्या घरून गाड्या नेऊन, दुरुस्त करून परत पोहोचवल्या. नव्या नाममुद्रेला बुडवू शकणारा प्रसंग तिच्या सेवेची ओळख ठरला.

मात्र हीच गाडी जपानमध्ये 'टोयोटा सेल्सिऑर' म्हणून विकली गेली. तेथे क्राउन आणि सेंच्युरी या गाड्यांमुळे टोयोटा हे नाव प्रतिष्ठितांच्या परिचयाचे होते. लेक्सस हे नाव जपानमध्ये २००५ मध्ये आले. म्हणजे एकाच कारखान्यातील एकाच गाडीला दोन देशांत दोन नावे लागली, कारण दोन्ही बाजारपेठांच्या आठवणी वेगळ्या होत्या.

उलट उदाहरण : फेटन

फोक्सवॅगनने २००२ मध्ये फेटन ही आलिशान सेडान आणली. फर्डिनांड पीएच यांच्या आग्रहातून आलेल्या या गाडीसाठी ड्रेस्डेन शहरात काचेच्या भिंतींचा कारखाना बांधण्यात आला. अभियांत्रिकीची वाखाणणी झाली, पण गाडीवर गोल्फ आणि पोलोचेच बोधचिन्ह होते आणि समूहाची ऑडी त्याच वर्गात आधीपासून होती. २००६ मध्ये अमेरिकेतील विक्री थांबली. २०१६ मध्ये उत्पादन बंद झाले. याच पायावर बनलेली बेंटली कॉन्टिनेंटल जीटी मात्र फेटनहून कितीतरी महाग असूनही चांगली खपली. आकार आणि ग्राहक वेगळे असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरी फेटनचे अपयश यंत्रात नव्हते, एवढे त्यातून दिसते.

निष्कर्ष

लेक्ससचे यश केवळ जाहिरातीचे नाही. गाडी कमअस्सल असती, तर नवे नाव तिला फार काळ तारू शकले नसते. पण चांगली गाडीही पुरेशी नसते, हे फेटनने दाखवले. निर्यातमर्यादा आणि चलनदर यांनी टोयोटाला वरच्या वर्गाकडे ढकलले; आपल्याच यशस्वी नावाची मर्यादा ओळखल्यामुळे ती तेथे टिकली. भारतात २०१७ मध्ये लेक्सस आली, तेव्हाही इनोव्हा विकणाऱ्या दालनांपासून तिला वेगळे ठेवण्यात आले. नाममुद्रेचा इतिहास अभ्यासताना म्हणूनच कंपनीने काय बनवले याच्याइतकेच, त्या बाजारपेठेत लोक तिला आधी कशासाठी ओळखत होते, हेही तपासावे लागते.