वऱ्हाडचे ऊन आणि मोटारीतला बदललेला गॅस

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील मोझरी हे गाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापन केलेल्या गुरुकुंज आश्रमामुळे महाराष्ट्रभर ओळखले जाते. परंतु ते अमरावतीहून नागपूरला जाणाऱ्या, पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून परिचित असलेल्या रस्त्यावरचे गावही आहे, आणि वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना या रस्त्यावर गाडी चालवणे म्हणजे काय, हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. घरातल्या उन्हाळ्याशी या मुलखाने पाण्याच्या आधाराने जमवून घेतले होते. दारांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या आणि पुढे आलेले कूलर या दोहोंमागचे तत्त्व एकच, की कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि ती होताना हवेतील उष्णता शोषून घेते. मोटारीच्या बंद डब्यात मात्र हीच वाफ कोंडून दमटपणा वाढवते, त्यामुळे खिडकीच्या काचेत अडकवलेल्या ओल्या पंचापलीकडे हे तत्त्व तेथे फारसे उपयोगी पडले नाही.

यांत्रिक थंडावा आला तो वेगळ्या वाटेने. बंद नळ्यांतून फिरणारा, दाबला की द्रव होणारा आणि दाब सुटताच वायू होऊन भोवतालची उष्णता खेचून घेणारा जो पदार्थ या यंत्रणेत असतो त्याला प्रशीतक म्हणतात. कारागिरांच्या बोलीत तो नुसता ‘गॅस’. सुरुवातीच्या शीतयंत्रांतील अमोनिया व सल्फर डायऑक्साइड हे वायू विषारी असल्याने त्यांना पर्याय शोधण्याचे काम अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आश्रयाखाली थॉमस मिज्ली या रसायनतज्ज्ञाने १९२८ नंतर हाती घेतले आणि त्यातून क्लोरिन व फ्लुओरिन असलेला, न पेटणारा, बिनविषारी ‘आर-१२’ पुढे आला, जो फ्रिऑन या व्यापारी नावाने जगभर गेला. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्तीही याच मिज्लीची, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने १९३९ च्या अखेरीस कारखान्यातच बसवलेली वातानुकूलन यंत्रणा मोटारीत दिली. भारतात मात्र ही चैन मध्यमवर्गाच्या नजरेच्या टप्प्यात आली ती १९८३ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या मारुती ८०० नंतर. १९८५ मध्ये जपानी सहकार्याने स्थापन झालेल्या सुब्रोससारख्या कंपन्यांनी मोटारींसाठीच्या यंत्रणा देशात बनवण्यास आरंभ केल्यावर ‘एसी गाडी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

आर-१२ च्या त्या काळात गाड्यांचा एसी दुरुस्त करण्याची विद्या बरीचशी डोळ्यांची होती, आणि या लेखाचा खरा विषय तीच आहे. गळती शोधण्यासाठी वापरला जाणारा हॅलाइड टॉर्च हा एक साधा बर्नर असे. त्याच्या ज्योतीत तांब्याची चकती तापत राही आणि बर्नरला जोडलेली रबरी नळी सांध्यांजवळून फिरवली जाई. नळीतून गॅसचा अंश आत ओढला गेला, की त्यातील क्लोरिन तापलेल्या तांब्याशी संयोग पावून निळसर ज्योत हिरवी करी, आणि हिरवेपणाच्या गडदपणावरून गळती किती मोठी हे सरावलेला कारागीर सांगू शके. ज्वलनातून फॉस्जिनसारखे घातक वायूही निघत, हे त्या हिरव्या रंगाच्या कौतुकात मागे पडे. गॅस पुरेसा भरला की नाही, हे ड्रायरवरील काचेच्या झरोक्यातून पाहिले जाई. ड्रायर म्हणजे यंत्रणेतील ओल शोषून घेणारे दाणे भरलेला छोटा डबा. झरोक्यात बुडबुडे दिसले तर गॅस कमी, आणि काच स्वच्छ झाली, थंडावाही मिळू लागला, की काम फत्ते. वजनकाटा कोणाला लागत नव्हता.

हा गॅस आकाशातही काम करतो, हे १९७४ मध्ये मोलिना व रोलंड या रसायनतज्ज्ञांनी मांडले: वातावरणाच्या वरच्या थरांत पोहोचलेल्या, आर-१२ ज्या वर्गात मोडतो त्या क्लोरोफ्लुरोकार्बनमधून सुटणारे क्लोरिन ओझोनचा नाश करते. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची प्रचंड घट प्रसिद्ध झाली, १६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोनचा नाश करणाऱ्या वायूंना आळा घालणारा माँट्रियल करार झाला आणि भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. २००० च्या भारतीय नियमांनी १ जानेवारी २००३ पासून असे वायू वापरणारी नवी शीतयंत्रे बनवण्यास मनाई केली, तर १ ऑगस्ट २००८ पासून, दम्याच्या औषधी फवाऱ्यांसाठीचा अपवाद सोडता, देशातील उत्पादनही थांबले. नव्या गाड्यांत क्लोरिनविरहित ‘आर-१३४ए’ आला. प्रश्न उरला तो जुन्या गाड्यांचा, ज्यांच्यासाठी आर-१२ चे सिलिंडर मिळेनासे होत गेले.

एक गॅस काढून दुसरा भरला की रूपांतर झाले, अशी ग्राहकाची समजूत असे, आणि तिच्यापायी पुष्कळ कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारे पंप, जाम झाले. आर-१२ बरोबर कॉम्प्रेसरला वंगण देणारे खनिज तेल त्या गॅसमध्ये विरघळून यंत्रणेत फिरे व परत येई. १३४ए मध्ये ते विरघळत नाही, गाडीतील हवा थंड करणाऱ्या कुलिंग कॉइलच्या तळाशी साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून जुने तेल शक्य तितके काढून पॉलिअल्किलिन ग्लायकॉल किंवा एस्टर वर्गातील तेल भरावे लागते. पैकी पहिले ओल झपाट्याने शोषते आणि यंत्रणेत राहिलेल्या जुन्या तेलाशी त्याचे फारसे पटत नाही, म्हणून रूपांतराच्या कामात एस्टर तेलाला पसंती मिळाली. ड्रायरमधील दाणे नव्या गॅसला चालणारे हवेत, सांध्यांच्या रबरी ओ-रिंग बदलायला हव्यात, आणि हे सारे झाल्यावर व्हॅक्यूम पंपाने आतील हवा व ओल पूर्ण खेचून मगच, जुन्या गॅसच्या वजनाच्या ८० ते ९० टक्के इतकाच नवा गॅस भरायचा असतो.

येथे वऱ्हाडचे हवामान आडवे येते. २० अंशांच्या सुमारास दोन्ही वायूंचा दाब जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे थंड प्रदेशात हे रूपांतर बऱ्यापैकी निभते. पण कंडेन्सर, म्हणजे गाडीच्या नाकाशी बसवलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, ७० अंशांपर्यंत तापली, तर आर-१२ चा दाब वातावरणाच्या सुमारे १९ पट असताना १३४ए चा सुमारे २१ पट होतो. धावत्या गाडीच्या जाळीवर वारा येतो, तोवर हा फरक सोसतो. आश्विनातील पुण्यतिथी महोत्सवाच्या वेळी गुरुकुंजाकडे लोटणाऱ्या गर्दीत, ऑक्टोबरच्या उन्हात, वाहनांच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीला ती सवलत नसते. जुन्या कंडेन्सरची एकच लांब वळणावळणाची नळी अशा वेळी अपुरी पडते. अनेक बारीक समांतर नळ्यांचा नवा कंडेन्सर व जादा पंखा बसवणे हा खरा उपाय, आणि खर्चामुळे टाळला जाणाराही तोच.

त्याहून खोल बदल कारागिराच्या विद्येत झाला. १३४ए मध्ये क्लोरिन नसल्याने हॅलाइड टॉर्चची ज्योत गळतीसमोरही निळीच राहू लागली. झरोक्याची काचही फसवू लागली, कारण नव्या तेलासह हा गॅस योग्य प्रमाणात असतानाही ती दुधाळ दिसू शकते. जुन्या सवयीने ती स्वच्छ होईपर्यंत गॅस सोडत राहणाऱ्याने यंत्रणा प्रमाणाबाहेर भरली, आणि आधीच चढलेल्या दाबात आपल्या हाताने भर घातली. उस्तादाच्या नजरेची जागा प्रेशर गेज, वजनकाटा, साबणाचा फेस आणि इलेक्ट्रॉनिक शोधक यांनी घेतली. आंतरराष्ट्रीय साहाय्याने देशात कारागिरांच्या प्रशिक्षणाचे व गॅस हवेत न सोडता परत भरून घेणाऱ्या यंत्रांचे कार्यक्रम झाले, तरी ‘दर उन्हाळ्यात गॅस भरायचा’ ही ग्राहकाची रीत त्यांनी मोडली असे म्हणवत नाही. वास्तविक बंद नळ्यांतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो गळतो, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या चैत्रापर्यंत हवेत गेलेला असतो.

१३४ए ची ही गळती निरुपद्रवी नाही. ओझोनला तो धक्का लावत नसला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून माँट्रियल कराराच्या २०१६ मधील किगाली दुरुस्तीनुसार त्याच्या वर्गातील वायूंचा वापर भारताला २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो वापरता येत नाही, आणि त्याची जागा बव्हंशी घेणारा ‘आर-१२३४वायएफ’ सौम्य ज्वलनशील असल्याने त्याच्याजवळ उघडी ज्योत नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन गॅस चुकून मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाची तोंडे वेगळी ठेवलेली असतात: आर-१२ ची आट्याची, १३४ए ची दाबून बसणारी. एखाद्या जुन्या गाडीचे बॉनेट उघडल्यावर आट्यांच्या तोंडांवर कायमचे घट्ट बसवलेले दोन छोटे अॅडॉप्टर दिसतात, आणि आतला गॅस बदलला आहे हे पुढच्या कारागिराला त्यांच्यावरूनच कळते.