मुंबईचा प्लेग आणि प्रतिस्पर्धी राष्ट्रांचे संशोधक (१८९६–१९०६)

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईतील मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे रोगी आढळले आणि २३ सप्टेंबर रोजी नगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे त्याची वार्ता मांडली गेली. ती मांडणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोमंतकीय. मुंबईचे अर्धे जीवन बाहेरच्या मुलखांवर उभे होते याची ही एक खूण. आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडणाऱ्या वैभववाडीसारख्या घाटपायथ्याच्या मुलखापासून थेट मालवणच्या किनाऱ्यापर्यंत घरोघरचा एखादा माणूस गिरणीत वा गोदीत चाकरीस असे. रोगाची बातमी पसरताच हा चाकरमानी वर्ग आगबोटींनी आणि पायवाटांनी गावाकडे लोटला. काही महिन्यांत लक्षावधी माणसांनी शहर सोडले.

जी वाट गावाकडे जात होती, तशाच वाटा मक्केकडे, सुवेझकडे आणि युरोपातील बंदरांकडेही जात होत्या. युरोपीय राष्ट्रांच्या दृष्टीने मुंबई हे रोगाचे उगमस्थान ठरले. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, आणि हिंदुस्थानी मालावर व यात्रेकरूंवर कडक निर्बंध येणार हे स्पष्ट झाले. इंग्लंडला व्यापाराची चिंता होती. इतरांना इंग्लंडच्या अहवालांवर भरवसा नव्हता. तेव्हा रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया आदी राष्ट्रांनी आपापली शास्त्रीय पथके मुंबईस धाडली, ती बंधुभावापोटी नव्हेत. दुसऱ्याने सांगितलेले खरे मानावयाचे नाही, आपल्या डोळ्यांनी पाहावयाचे, हा त्यामागील हेतू होता. नंतर या काळास ‘विज्ञानाचे विश्वबंधुत्व’ असे नाव देण्याचा जो मोह अनेकांस झाला, तो या आरंभाकडे पाहता टिकत नाही. मात्र अविश्वासातून निघालेल्या या खटाटोपाने काही चांगले फळ दिले, हेही तितकेच खरे.

त्या वेळच्या वैरांचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मध्य आशियाच्या सीमेवरून इंग्लंड व रशिया यांच्यात दीर्घकाळ चुरस चालली होती. १८७०–७१ च्या युद्धानंतर फ्रान्स व जर्मनी यांच्यातील कटुता पाश्चर आणि कॉख यांच्या संप्रदायांतही उतरली होती. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगचा जंतू शोधताना पाश्चर संप्रदायाचा येर्सिन आणि कॉखचा शिष्य किटासाटो यांच्यात अग्रमानाचा वाद उद्भवला होता. अशा वातावरणात इंग्रज सरकारने मुंबईच्या कामासाठी नेमला तो वाल्डेमार हाफकिन. ओडेसात जन्मलेला, रशियाचा प्रजाजन, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला आणि त्यापूर्वी बंगालमध्ये पटकीची लस टोचीत हिंडलेला.

ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिनला एक खोली व तिच्या बाहेरची पडवी एवढीच जागा मिळाली. मांसाच्या ज्या अर्कात जंतू वाढवावयाचे, तो अर्क हिंदू-मुसलमान दोघांनाही चालावा म्हणून बकऱ्याच्या मांसापासून काढला. त्यावर तुपाचे वा खोबरेलाचे थेंब सोडले की त्यांच्या खालून जंतूंचे झुबके लोंबत वाढत. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने स्वतःला लस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर तिचा प्रयोग झाला.

रशियन पथकातील व्हिसोकोविच व झाबोलोत्नी यांनी मुंबईत माकडांवर प्लेगचे प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. फ्रान्स-रशियाची मैत्री या सोयीस कारण झाली असावी. तरी साहित्य ब्रिटिश रुग्णालयातील होते हे विसरता येत नाही. येर्सिन स्वतः आपले रोगनिवारक सीरम घेऊन आला, पण मुंबईत त्याला अपेक्षित यश लाभले नाही. व्हिएन्नाच्या पथकाने रोगलक्षणांचा व शवविच्छेदनाचा मोठा संग्रह केला. त्यांनी सोबत नेलेल्या जंतूंनी ऑक्टोबर १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेतील सेवक, एक परिचारिका आणि त्या सेवकावर उपचार करणारा, मुंबईस येऊन गेलेला डॉ. हेर्मान म्युलर, अशा तिघांचा बळी घेतला.

या सर्व घडामोडींत दमणचे प्रकरण सर्वांत बोधक आहे. दमण पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. तेथे १८९७ च्या वसंतात साथ भडकली असता हाफकिनची लस टोचली गेली. दक्षिण आफ्रिकेतील गुरांच्या रोगाचे काम आटोपून कॉख मे महिन्यात मुंबईस पोहोचला आणि जर्मन पथकाने, ज्यात गाफ्कीही होता, दमणच्या आकड्यांची तपासणी केली. हाफकिनने पुढे दिलेल्या हिशोबानुसार, ८,२३० लोकवस्तीपैकी २,१९७ जणांनी लस घेतली व त्यांतील ३६ दगावले; न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ मेले. लस घेणारे कोण व न घेणारे कोण, हा प्रश्न आजचा संशोधक अवश्य विचारील, कारण दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे होते असे गृहीत धरता येत नाही. जर्मन पथकानेही लसीस पूर्ण संरक्षण मानले नाही, पण तिचा उपयोग मान्य केला. पाश्चरच्या शाळेतील माणसाचे काम कॉखने, तेही तिसऱ्याच राष्ट्राच्या भूमीवर, पडताळून पाहिले. स्नेह्याच्या शिफारशीपेक्षा प्रतिस्पर्ध्याची ही मान्यता अधिक मोलाची होती.

जेथे अशी पडताळणी झाली नाही, तेथील हानी तितकीच मोठी. येर्सिनचा उत्तराधिकारी पॉल-लुई सिमाँ याने २ जून १८९८ रोजी कराचीत काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांनी भरलेला रोगी उंदीर ठेवला. तो मरणपंथास लागला असता जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, तरीही काही दिवसांत दुसरा मेला. रोग उंदरावरील पिसवा वाहतात, हे अनुमान त्याने त्याच वर्षी पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले. एडिंबरोच्या फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश प्लेग आयोगाने ते स्वीकारले नाही. प्रयोग थोडे होते हे खरे. पण ते पुन्हा करून पाहण्यास काय अडचण होती, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही. दरम्यान घरे धुणे, जंतुनाशके फवारणे, माणसे हलविणे हे चालूच राहिले. १९०४ या एका वर्षात हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली.

या सर्व पथकांच्या कामात ज्यांच्या गाठींतून रस काढला, ज्यांची प्रेते चिरली, त्या माणसांस कोणी विचारल्याचे फारसे दिसत नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, आर्थर रोड रुग्णालयावर गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला होता. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. शत्रुराष्ट्रांच्या शास्त्रज्ञांना एकमेकांचे जंतू मिळत होते, पण प्लेगच्या रुग्णालयात नेलेल्या माणसाच्या घरच्यांना त्याचे वर्तमान मिळणे दुरापास्त होते. त्या जमावात कोकणातून आलेलेही असणार. पथकांच्या अहवालांत ते केवळ रुग्णांच्या क्रमांकांतून भेटतात.

१९०५ मध्ये इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी व लिस्टर संस्था यांच्या सल्लागार समितीने परळच्या प्रयोगशाळेत नव्याने काम आरंभिले. मुद्दाम बांधलेल्या लहान खोल्यांत गिनीपिग सोडले. जमिनीवर मोकळे असलेले रोगाने मेले, आणि पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर पिंजऱ्यात टांगलेले निरोगी राहिले. १९०६ पासून हे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा सिमाँच्या लेखास आठ वर्षे होत आली होती.