शाळेचा क्रिकेट कोच नेमकं काय काम करतो? उत्तर आचरेकर सरांच्या स्कूटरवर सापडतं

16 नोव्हेंबर 2013. वानखेडेवर सचिन तेंडुलकर शेवटचं भाषण करत होता. त्यात त्याने आचरेकर सरांबद्दल सांगितलं की, सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. आणि 29 वर्षांत सर त्याला एकदाही 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत.

आपल्याला वाटतं कोच म्हणजे नेटच्या मागे उभं राहून 'कोपर वर ठेव' सांगणारा माणूस. ते काम असतंच. पण मग ही स्कूटर कशासाठी?

तर शाळेच्या कोचचं सगळ्यात मोठं काम असतं मुलांना खेळायची संधी मिळवून देणं, आणि ती संधी वाटणं. वीस-पंचवीस मुलं, एक-दोन नेट आणि संघात जागा फक्त अकरा. कोणाला बॅटिंग मिळणार, कोण बाहेर बसणार, हे रोज ठरवावं लागतं.

नोकरी एकीकडे, मैदान दुसरीकडे

रमाकांत आचरेकर यांचा जन्म 1932 चा, मालवणचा. ते स्टेट बँकेत नोकरीला होते. बँकेच्याच संघाकडून 1963 मध्ये मोईन-उद-दौला स्पर्धेत ते प्रथम श्रेणीचा एक सामना खेळले. तो एकच. खेळाडू म्हणून त्यांचं नाव कोणाला फारसं माहीत नव्हतं.

पण दादरची शारदाश्रम शाळा आणि शिवाजी पार्कवरचा कामत मेमोरियल क्लब इथे त्यांनी जी मुलं घडवली, त्यांची यादी बघा. बलविंदर सिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार आणि अर्थात सचिन. 1990 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये पद्मश्री. 2 जानेवारी 2019 रोजी त्यांचं निधन झालं.

नेटपेक्षा मॅच मोठी

सरांचा भर मॅच खेळवण्यावर होता. शाळेतल्या पहिल्याच वर्षी उन्हाळी सुट्टीच्या 60 दिवसांत सचिन 55 सराव सामने खेळला. स्कूटर लागायची ती यासाठी. एका मैदानावर आउट झाला की दुसऱ्या मैदानावर पुन्हा बॅटिंग.

आणि संध्याकाळी दमलेल्या सचिनच्या स्टंपवर सर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो आउट करेल, नाणं त्याचं. कोणीच आउट केलं नाही, तर सचिनचं. अशी 13 नाणी त्याने आजही जपून ठेवली आहेत. यातली गंमत अशी की त्या नाण्यामुळे फक्त बॅट्समन नाही, बॉलिंग टाकणारा प्रत्येक पोरगा जीव लावून खेळायचा.

शाळा बदला, फी माफ करा

मुंबईत शालेय क्रिकेटच्या दोन मोठ्या स्पर्धा आहेत. 14 वर्षांखालील मुलांसाठी गाइल्स शील्ड आणि 16 वर्षांखालील मुलांसाठी हॅरिस शील्ड. दोन्ही शंभरहून अधिक वर्षं जुन्या. इथे धावा केल्या की निवड समितीच्या नजरेत येता येतं. पण त्यासाठी शाळेचा संघ तगडा हवा. म्हणूनच सचिनला वांद्र्याच्या शाळेतून शारदाश्रममध्ये आणलं गेलं.

बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे कोच दिनेश लाड यांनी 1999 च्या सुमारास एक ऑफस्पिन टाकणारा मुलगा हेरला. पण शाळेची महिन्याची 275 रुपये फी घरच्यांना झेपणारी नव्हती. लाड सरांनी शाळेकडे शब्द टाकला, फी माफ झाली. पुढे नेटजवळ त्याची बॅट चालताना बघून त्यांनी त्याला वरच्या क्रमांकावर पाठवलं. तो मुलगा म्हणजे रोहित शर्मा.

शार्दुल ठाकूर तर पालघरचा, पार विरारच्या पुढचा. रोज येणं-जाणं शक्य नाही म्हणून लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. 2022 साठी त्यांनाही द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला.

कधी थांबायचं?

संधी वाटायची म्हणजे कधीतरी कोणालातरी थांबवावं पण लागतं.

फेब्रुवारी 1988, आझाद मैदान. हॅरिस शील्डची सेमी फायनल, समोर सेंट झेवियर्स. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349, भागीदारी 664. सहायक कोच लक्ष्मण चव्हाण डाव घोषित करा म्हणून सांगत होते आणि ही दोघं ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. शेवटी लंचला फोनवर आचरेकर सरांचा हुकूम आला. कांबळीला 350 साठी एकच रन हवी होती, तरी सर बधले नाहीत. 748 वर डाव घोषित झाला आणि शारदाश्रमने मॅच जिंकली.

आता जानेवारी 2016, कल्याण. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद 1009 धावा केल्या. संघाची धावसंख्या 3 बाद 1465. समोरचा संघ 31 आणि 52 वर गारद. प्रणवचा विक्रम जगभर गाजला, आणि तो त्याने स्वतःच्या बॅटने केला होता. पण फिल्डिंग करणारी मुलं वयाने बरीच लहान होती, हेही तेव्हा बातम्यांत आलं. मैदानावरची बावीसही मुलं शाळकरीच असतात. त्या सगळ्यांचा विचार मोठ्या माणसानेच करायचा असतो.

ज्याला बॅटिंग मिळाली नाही त्याचं काय?

664 च्या त्या भागीदारीवेळी पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसून राहिला. अमोल मुझुमदार. मोठा झाल्यावर त्याने प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, तरी भारताकडून खेळायची संधी त्याला कधीच मिळाली नाही. पण 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने वर्ल्डकप जिंकला, तेव्हा संघाचा मुख्य कोच तोच होता.

कोचच्या हाताखालून शेकडो मुलं जातात. त्यातून सचिन किंवा रोहित एखादाच निघतो. बाकीची मुलं बँकेत, रेल्वेत, दुकानात कामाला लागतात. काही पुन्हा मैदानावर येतात, शिट्टी घेऊन. पॅड बांधून बसलेल्या पोराकडे त्यांचं लक्ष पटकन जातं, कारण कधीतरी तेही तिथेच बसलेले असतात.