व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि मुक्तीचा आवाज

पेडणे तालुक्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर गोव्याची सीमा बंद झाली. वर्तमानपत्रांवर सरकारी तपासनिसाचा पहारा तर आधीपासूनच होता. परंतु माणसे व कागद अडविणाऱ्या नाक्याला आवाज अडविता आला नाही. २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी गुप्त नभोवाणी सुरू केली. तिचे कोकणी व पोर्तुगीज कार्यक्रम पुढे कॅसलरॉकहून होऊ लागले आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत चालू राहिले.

असा दूरचा आवाज घरात ऐकावयाचा, तर अतिशय क्षीण विद्युत्‌लहर अनेक पटींनी मोठी करावी लागते. त्या काळच्या रेडिओत हे काम काचेचे व्हॉल्व्ह करीत. निर्वात नळीतील तापलेल्या पृष्ठावरून इलेक्ट्रॉनांचा ओघ निघतो. वाटेतील जाळीवरचा अल्पसा चढउतार त्या मोठ्या ओघास आपल्या तालावर चालवितो. मात्र त्यासाठी उच्च दाबाची वीज व सततची उष्णता लागते. जेथे वीज पोहोचली नव्हती, अशा पेडणे-डिचोलीकडील खेड्यांत रेडिओ बाळगणे म्हणजे जड बॅटरीचा खर्च सोसणेच होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली जन्मलेल्या ट्रान्झिस्टरने हेच काम जर्मेनियमच्या, पुढे सिलिकॉनच्या, कणात व मोजक्या सेलांवर करून दाखविले. रेडिओ खेड्यापाड्यांत गेला तो त्याच्यामुळे.

घरी गाणे ऐकणारे रसिक मात्र आजही व्हॉल्व्हचा गोडवा वाखाणतात. त्यास कारण आहे. व्हॉल्व्ह मूळ ध्वनीत आपली थोडी भर घालतो. ती पुष्कळदा दुप्पट कंपनसंख्येची, म्हणजे त्याच स्वराच्या वरच्या सप्तकातील असते. षड्‌जावर तार षड्‌जाची छटा चढली, तर कान त्याला दोष न मानता भरदारपणा मानतो. उलट आरंभीच्या ट्रान्झिस्टर-ध्वनिवर्धकांत लहरीचे दोन अर्धभाग दोन ट्रान्झिस्टर वाटून घेत. सांध्यावर खाच पडे व तानपुऱ्याचा मंद झंकार कर्कश होई. पुढे रचना सुधारली. आज उत्तम ट्रान्झिस्टर-यंत्र मोजमापाने अधिक निर्मळ ठरते. सारांश, व्हॉल्व्ह गोड बोलतो, तर ट्रान्झिस्टर प्रामाणिक बोलतो.

गोवा मुक्त झाला, तेव्हा सरदेसाई व लोबो यांनी विमानातून ध्वनिवर्धकावर ती वार्ता सांगितली. सहा वर्षे त्या आवाजाकडे कान लावून बसलेल्यांनी त्यात गोडवा शोधला नव्हता. खरी बातमी शोधली होती. यंत्राची पारख करताना हीही एक कसोटी विसरता कामा नये.