अंबरापूर, अमरापूर, औसा

'द सिम्पसन्स' या अमेरिकन व्यंगचित्र-मालिकेचा 'लिसा द आयकॉनोक्लास्ट' हा भाग 18 फेब्रुवारी 1996 रोजी प्रथम दाखवला गेला. मालिकेचे चाहते आजही तो आवडीने आठवतात. विनोदी मालिकेच्या वीस-बावीस मिनिटांच्या एका भागावर इतिहासाच्या अंगाने लिहिणे काहींना खटकेल, याची कल्पना आहे. पण गाव कोणी वसवले आणि ती गोष्ट कोणी सांगायची, हा प्रश्न मला प्रथम नीट पडला तो या भागामुळे. मी औशात शिकवतो. वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या गावाला संस्थापक आहे का, हे त्याआधी मी कधी स्वतःला विचारले नव्हते.

कथानक थोडक्यात असे. स्प्रिंगफील्ड या छोट्या शहराचा द्विशताब्दी सोहळा जवळ आला आहे. जेबडाया स्प्रिंगफील्ड हा शूर, सज्जन मूळपुरुष. चौकात त्याचा पुतळा, शाळेत त्याच्यावर निबंध. आठ वर्षांची लिसा निबंधासाठी स्थानिक इतिहास मंडळाच्या संग्रहालयात जाते आणि जेबडायाच्या बासरीत दडवलेला कबुलीजबाब तिच्या हाती लागतो. हा वीरपुरुष मुळात हॅन्स स्प्रंगफेल्ड नावाचा चाचा होता, आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या खुनाचा प्रयत्नही त्याने केला होता! गिल्बर्ट स्टुअर्टने काढलेले वॉशिंग्टनचे एक व्यक्तिचित्र खरोखरच अपुरे राहिलेले आहे. कबुलीजबाबाचा कागद हा त्याच चित्राचा फाटलेला तुकडा, अशी गंमत लेखकाने केली आहे. संग्रहालयाचा अभ्यासक हर्लबट पुरावा लपवतो, पुढे खजील होऊन कबूल करतो. अखेर लिसा मिरवणुकीत सर्वांपुढे बोलायला उभी राहते. समोरचे आनंदी चेहरे पाहते, आणि जेबडाया थोर होता, एवढेच बोलून खाली उतरते.

एम. ए.च्या वर्गात मी हे कथानक दोन-तीनदा सांगितले आहे. दर वेळी वर्ग दुभंगतो. निम्म्यांना लिसा भित्री वाटते, निम्म्यांना शहाणी. तिचे स्वतःचे समर्थन असे की, जेबडायाच्या दंतकथेने गावकऱ्यांमधले चांगले ते बाहेर काढले आहे, मग ती मोडून काय साधणार? भाषेच्या अभ्यासकांसाठी यात आणखी एक मौज आहे. जेबडायाच्या नावे चालणाऱ्या सुभाषितात 'एम्बिगन' हे बनावट क्रियापद आहे. एक शिक्षिका म्हणते, या गावी येण्यापूर्वी हा शब्द कधी ऐकला नव्हता. दुसरी त्या शब्दाचा निर्वाळा देते तो 'क्रॉम्युलंट' या तितक्याच बनावट विशेषणाने. 2018 साली मेरियम-वेब्स्टर कोशाने 'एम्बिगन' हा शब्द रीतसर दाखल करून घेतला. खोटा मूळपुरुष गावात मुरला, तसा खोटा शब्द भाषेत मुरला.

आता औशाकडे वळू. इथे पुतळ्याचा प्रश्नच येत नाही, कारण मूळपुरुष ठरलेला नाही. किल्ला आहे, तोही भुईकोट, आणि खोलगट जागी बांधलेला. भोवतालची जमीन उंच असल्यामुळे लांबून येणाऱ्याला त्याचा बराचसा भाग दिसत नाही. आतल्या उंच बुरुजावरच्या पहारेकऱ्याला मात्र दूरवरून येणारी फौज दिसते. पंधराव्या शतकातला बहमनी वजीर महमूद गावान याच्याशी या किल्ल्याचे नाव जोडले जाते. बहमनी सत्ता विस्कटल्यावर औसा, कंधार आणि उदगीर हे तीन किल्ले बीदरच्या बरीदांकडे होते. फेरिश्त्याच्या ग्रंथात ही नावे बहुधा एकत्रच येतात, एखाद्या कुटुंबातल्या भावंडांसारखी. सोळाव्या शतकात ती अहमदनगरच्या निजामशहाने घेतली. 1636 साली शाहजहानच्या फौजांनी उदगीर आणि औसा ही ठाणी जिंकली. 1760 च्या प्रारंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाला कोंडीत पकडले तेही उदगीर-औसा याच टापूत. वर्षभरातच भाऊ पानिपतावर पडले. त्यानंतरचा दीर्घ काळ हैदराबाद संस्थानाचा, थेट 17 सप्टेंबर 1948 पर्यंत.

या सगळ्यांत गावाला स्वतःचे नाव देण्याची खटपट केल्याची आठवण राहिली आहे ती एकाचीच, मलिक अंबरची. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने किल्ला घेतला आणि गावाचे नाव अंबरापूर ठेवले, पुढे त्याचे अमरापूर झाले, असे सांगितले जाते. मराठीच्या माणसाला इथे थांबल्याशिवाय राहवत नाही. 'अंबर'मधला अनुस्वार आणि 'ब' लोकांच्या जिभेवर 'म'मध्ये विरघळले, आणि हबशी सेनापतीचे नाव जाऊन त्या जागी देवांची नगरी आली. हा मुखसुखाचा परिणाम, की मुद्दाम केलेली दुरुस्ती? मला पहिली शक्यता अधिक वाटते, कारण माणसाचे नाव हेतुपुरस्सर पुसणारे लोक त्याचा इतका जवळचा प्रतिध्वनी मागे ठेवत नाहीत. अखेर दोन्ही नावे गेली. औसा उरले.

अंबरच्या वाट्याला हे दोनदा आले. 1610 साली त्याने खडकी येथे राजधानी वसवली, नहरी बांधून पाणी आणले. त्याच्या मृत्यूनंतर, 1626 मध्ये, त्याचा मुलगा फत्तेखान याने तिचे फत्तेनगर केले, औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेल्या आणि निजामशाही हाकणाऱ्या या माणसाच्या शहराने त्याचे नाव एकदाही धारण केले नाही. पाणी मात्र नहरींतून पुढे कित्येक पिढ्या येत राहिले.

पण अंबर तरी संस्थापक म्हणावा का? औसा त्याच्या आधीपासून होते. आपल्याकडे गाव 'स्थापन' होत नाही, ते 'वसते'. क्रियापदातच कर्ता धूसर आहे. पेठ वसवायची झाली तर सत्ताधीश कौल देत असे: काही वर्षे कर माफ, मग वर्षागणिक थोडी थोडी वाढ. उदमी, कारागीर गोळा करून आणण्याची उस्तवारी शेटे-महाजनांची, आणि त्याबद्दल त्यांना वतन. शेती ती काळी, वस्ती ती पांढरी. पांढरीवर घर बांधायला आलेला कोष्टी, तेली, कासार यांपैकी कोणाचाही पुतळा होणे शक्य नव्हते. पुण्याबद्दल जिजाऊंच्या सोन्याच्या नांगराची कथा आपण सांगतो, ती रम्य आहे. पण त्या नांगरामागून जे राहायला आले, त्यांना परत येण्याचा धीर कशाने झाला, हे त्या कथेत येत नाही.

औशाच्या बाहेर या गावाचे नाव आज सर्वाधिक उच्चारले जाते ते पंढरपुरात. वीरनाथ महाराज आणि मल्लिनाथ महाराज यांच्या परंपरेतले औसेकर तिथे गोलाकार फिरत चक्रीभजन करतात. वारकऱ्याला औसा म्हटले की भजन आठवते, दुर्गप्रेमींना बुरूज. यांतला एकच मूळपुरुष निवडून द्विशताब्दी करायची म्हटली, तर बाकीच्यांना गावाबाहेर काढावे लागेल. लिसाच्या मौनाबद्दलचे माझे मत इथेच बदलले. पूर्वी मी तिला शहाणी म्हणणाऱ्यांत होतो. स्प्रिंगफील्डमध्ये ती गप्प राहिली तर कोणाचे काही बिघडत नाही, कारण तिथल्या दंतकथेने कोणाची जागा घेतल्याचे आपल्याला दिसत नाही. लेखकाने ते सोयीस्करपणे दाखवलेले नाही. खऱ्या गावात जेबडायाचा पुतळा उभा राहतो तो कोणाच्या तरी जागेवर. तिथे हाती लागलेला कागद वाचून दाखवलाच पाहिजे, चेहरे कितीही आनंदी असोत.

असो. या विषयावर मी एकदा विद्यार्थ्यांना काम दिले होते: घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारा, आपले गाव कसे वसले. बहुतेकांनी देवाच्या दृष्टान्ताच्या किंवा वाट चुकलेल्या गाईच्या कथा आणल्या. एका विद्यार्थिनीची वही जवळजवळ कोरी होती. ती किल्लारीची. किल्लारी आमच्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपात जुने गाव कोसळले; लातूर-उस्मानाबादमधली हजारो माणसे गेली, आणि पुढच्या काही वर्षांत किल्लारीसह सुमारे 50 गावे नव्या जागी, आखीव रस्त्यांवर, क्रमांकाच्या घरांत उभी राहिली. ज्यांच्या वसण्याचे सरकारी कागद, नकाशे, घरांची यादी, सगळे शाबूत आहे, अशी गावे या भागात एवढीच. संशोधकाला यापेक्षा अधिक काय हवे! मी तिला म्हणालो, तुझ्याकडे तर सर्वांत जास्त लिहिण्यासारखे आहे, तारखेसकट.

ती म्हणाली, "सर, आजीला विचारलं. आजी म्हणली, गाव तिकडं हाय. इथं आपण ऱ्हातो."

मी तो निबंध तपासताना गुण द्यायचे राहिले. ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, वर नाव-गाव लिहिलेली. गावाच्या रकान्यात तिने फक्त किल्लारी लिहिले आहे. नवी की जुनी, ते लिहिलेले नाही.