सापाला उंदीर जिवंत द्यावा की मेलेला? एका जुन्या वादाची गोष्ट

मागच्या वेळी म्हटलं होतं, की माझ्या प्रबंधातला एक छोटासा धागा उलगडून सांगेन. प्राणिसंग्रहालयांचा इतिहास हा माझा विषय. पण आजची गोष्ट माझ्यासाठी ग्रंथालयात सुरू झाली नाही, ती एका अजगराच्या पाठीवरच्या जखमांपासून सुरू झाली.

एम.एस्सी.ला असताना आम्ही एका ठिकाणी साप बघायला गेलो होतो. ठिकाणाचं नाव सांगत नाही. दुपारी चारच्या सुमारास तिथल्या मामांनी अजगराच्या पेटीत पांढरा उंदीर सोडला. काचेभोवती ही गर्दी! सगळ्यांचे मोबाइल वर, माझाही. अजगर मात्र वेटोळं घालून पडून राहिला. त्याला भूक नव्हती. वीसेक मिनिटांनी लोक कंटाळून पांगले. उंदीर तसाच आत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत गेलो तेव्हा उंदीर कोपऱ्यात बसला होता आणि अजगराच्या पाठीवर तीन-चार ठिकाणी कुरतडल्याच्या जखमा होत्या. मी काही विचारायच्या आत मामा म्हणाले, "काय करणार ताई, निसर्गात असंच असतं."

हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. ते कितपत खरं आहे, हे बघायला आपण थेट लंडनला जाऊया.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाची दारं १८४७ मध्ये सर्वसामान्यांसाठी उघडली. त्याआधी तिथे फक्त संस्थेचे सभासद आणि त्यांचे पाहुणे जात. पाठोपाठ १८४९ मध्ये तिथे खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी घर सुरू झालं, अशा प्रकारचं जगातलं पहिलंच. दूरदेशीचे साप काचेपलीकडे, अगदी हातभर अंतरावर दिसू लागले. पण खरं सांगायचं तर साप हा प्रेक्षकांच्या दृष्टीने फार कंटाळवाणा प्राणी! तासन् तास हलत नाही. तो हलतो कधी, तर खाताना. साहजिकच त्याचं जेवण हा बघण्याचा कार्यक्रम झाला. पक्षी, ससे, गिनीपिग, सगळं जिवंत आत सोडलं जायचं.

हे बघून हादरलेल्यांत एक फार मोठं नाव आहे, कादंबरीकार चार्ल्स डिकन्स. योगायोगानेच त्याच्या नजरेला हे दृश्य पडलं. ते डोक्यातून जाता जात नाही, असं त्याने आपला मित्र जॉन फॉर्स्टर याला पत्रातून कळवलं. गुन्हेगारी, गरिबी, फाशीची गर्दी हे सगळं लिहिलेला हा माणूस, आणि त्याला एका सशाने अस्वस्थ केलं.

आता तुम्ही विचाराल, कायदा नव्हता का? होता. इंग्लंडमध्ये १८२२ मध्ये गुराढोरांच्या क्रूर वागणुकीविरुद्ध कायदा आला आणि १८४९ मध्ये तो आणखी कडक झाला. पण त्यांचा भर पाळीव जनावरांवर होता. पिंजऱ्यातल्या वन्य प्राण्यांसाठी वेगळा कायदा यायला १९०० साल उजाडलं. आणि जनावराला बेदम मारणाऱ्या गाडीवानाला जसं पकडता येतं, तसं सापाला थोडंच पकडणार! इथे क्रूर कोण? साप? ससा आत सोडणारा रखवालदार? की तिकीट काढून बघणारा?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टीका वाढली, तेव्हा संग्रहालयाने तोडगा काढला: खाऊ घालायचं, पण लोकांच्या नजरेआड. मला हा टप्पा फार बोलका वाटतो. वाद मिटला, पण सशाच्या बाजूने विचार केला तर काय बदललं? काहीच नाही. बदललं ते फक्त बघणाऱ्याचं. "क्रौर्य थांबवा" ही मागणी "आमच्यासमोर नको" इथे येऊन थांबली.

या सगळ्या काळात दोन गोष्टी लोक गृहीत धरून चालले होते. पहिली, साप जिवंत भक्ष्याशिवाय खातच नाही. दुसरी, साप दिसला की भक्ष्य भीतीने गारठून जातं. नागाने बेडकाला भूल घातली, वगैरे आपल्याकडेही ऐकू येतंच की.

या दोन्ही गोष्टी तपासल्या गेल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पीटर चाल्मर्स मिचेल १९०३ मध्ये संस्थेचे सचिव झाले. पुढच्याच वर्षी रेजिनाल्ड पोकॉक संग्रहालयाचे अधीक्षक झाले. (हे पोकॉक म्हणजे तेच, ज्यांचे वाघांवरचे काम पुढे आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.) या दोघांनी १९०७ मध्ये बंदिस्त सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आहारावर एक निबंध प्रसिद्ध केला. साप मेलेलं भक्ष्य घेतात, हे त्यांनी दाखवलं. शिवाय निरनिराळ्या प्राण्यांसमोर साप नेऊन ते काय करतात हेही पाहिलं. बहुतेकांनी सापाची खास अशी भीती दाखवलीच नाही. अपवाद माकडांचा. ती मात्र चांगलीच घाबरली.

माकडांचं हे डार्विनला आधीच माहीत होतं. त्याने याच संग्रहालयात माकडांच्या घरात पेंढा भरलेला साप नेऊन त्यांची उडालेली धांदल पाहिली होती. १८७१ च्या त्याच्या पुस्तकात ही हकिगत आहे. गंमत म्हणजे तो स्वतःही त्यातून सुटला नाही. जाड काचेपलीकडच्या विषारी सापासमोर तोंड नेऊन, काही झालं तरी मागे सरायचं नाही असं ठरवून तो उभा राहिला, आणि सापाने झेप घेताच यार्डभर मागे उडाला!

म्हणजे बघा, काचेबाहेर जी दहशत पसरत होती तिचा मोठा भाग सशाचा नव्हताच, आपला होता. आपण माकडांचेच भाऊबंद. मग कुणी म्हणेल, ससा घाबरत नसेल तर जिवंत द्यायला हरकत काय? हरकत आहे. भीती वाटली नाही म्हणून आवळलं जाताना त्रास होत नाही, असं थोडंच आहे? आणि साप मेलेलं खात असेल, तर तो त्रास द्यायची गरजच उरत नाही.

साप मेलेलं का घेतो, हे कळायला तो 'जिवंत' कशाला म्हणतो ते बघावं लागेल. तो दुभंगलेल्या जिभेने गंधाचे कण टाळूतल्या जेकबसनच्या अवयवाकडे नेतो. हालचाल टिपतो. अजगर आणि घोणसाच्या जातकुळीतले काही साप तर चेहऱ्यावरच्या खळग्यांनी उष्णताही ओळखतात. वास, ऊब, हालचाल. हे तीन जुळले की बहुतेक वेळा काम झालं. म्हणून अनुभवी माणसं गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये हळूहळू वितळवतात, कोमट पाण्याने उबदार करतात आणि लांब चिमट्यात धरून जरा हलवतात. काही साप तरीही हटून बसतात. बॉल पायथन तर उपासासाठी प्रसिद्धच आहे. पण बराचसा हट्ट चिकाटीने सुटतो.

२०१२ चा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेत स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या, ऊब दिलेल्या उंदरांत धडधडणारं कृत्रिम हृदय बसवलं आणि ते बोआंना दिले. धडधड चालू असेपर्यंत बोआ जास्त वेळ आणि जास्त जोर लावून आवळत राहिले. बंद पडली की सैल. म्हणजे साप भक्ष्याचं हृदय 'ऐकत' असतो! आणि हे आपल्याला कळलं ते मेलेल्या उंदरामुळे.

आता मामांच्या वाक्याकडे येऊ. "निसर्गात असंच असतं." खरंच असतं का? कॅलिफोर्नियातली एक खार रॅटलस्नेक समोर आला की शेपटी हलवतेच, शिवाय ती गरमही करते. कारण त्या सापाला उष्णता दिसते. ज्या सापाला ती दिसत नाही त्याच्यासमोर मात्र ती शेपटी गरम करत नाही. २००७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. निसर्गात भक्ष्याकडे बीळ असतं, वाट असते, डावपेच असतात. सापाकडेही निघून जायची मुभा असते. पेटीत दोघांकडेही फक्त कोपरा असतो. मग उंदीर त्याच्याकडे जे आहे ते वापरतो, दात. अजगराच्या पाठीवर मी ते पाहिलं होतं.

आपल्याकडे देशी साप घरात पाळता येत नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याची आडकाठी आहे. परदेशी जातींबाबतही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी वगैरे आली आहे. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं एक कलम. केवळ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून कोंडणं, हा त्यात गुन्हा धरला आहे. 'करमणुकीसाठी' हा शब्द नीट वाचा. तो सापाला उद्देशून नाही, काचेबाहेर उभ्या असलेल्यांना उद्देशून आहे.

मी हे लिहिताना स्वतःला मोकळं सोडत नाहीये. गोठवलेला उंदीरही कुणीतरी, कुठेतरी मारलेलाच असतो. आपल्याला दिसत नाही म्हणून तो प्रश्न संपत नाही. नाहीतर दारं लावून खाऊ घालणाऱ्या त्या काळच्या मंडळींत आणि आपल्यात फरक काय? फरक पडतो तो उंदीर कसा मारला गेला यावर. तो झटकन, कमीत कमी त्रासात मेला असेल तर उंदीरही वाचतो त्या कोपऱ्यातून आणि सापही वाचतो दातांतून.

त्या दुपारचा व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. वीस मिनिटांचा, ज्यात काहीच घडत नाही. मी तो पुसलेला नाही. त्यात अजगर दिसतो, उंदीर दिसतो, आणि काचेत उमटलेली, फोन धरून उभी असलेली मी दिसते.

तुम्ही असं काही पाहिलं असेल तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या लेखात.