सहा पाकळ्यांचं भांडण

निसर्गातल्या नक्षीचे फोटो काढत सुटणारी काही माणसं असतात, मी त्यातलीच एक. सूर्यफुलातली बियांची चक्रं, नेच्याचं गुंडाळलेलं कोवळं पान, ओहोटीनंतर वाळूवर राहिलेल्या रेघा... एकच आकार पुन्हा पुन्हा दिसला की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. हिवाळ्यात इकडे मिशिगनमध्ये या सगळ्यांची जागा हिमकण घेतात. काळी लोकरीची शाल गच्चीच्या कठड्यावर पसरायची, मॅक्रो लेन्स लावायची आणि श्वास रोखून वाट बघायची. (श्वास खरोखरच रोखावा लागतो. एक उसासा टाकला की समोरच्या हिमकणाचं पाणी!)

पण आज माझ्या फोटोंबद्दल लिहायचं नाहीये. या छंदाच्या इतिहासात एक भांडण आहे, त्याबद्दल लिहायचंय. निसर्गातली नक्षी खरंच एवढी रेखीव असते, की रेखीव असते तेवढीच आपण उचलतो? सव्वाशे वर्षांपूर्वी यावरून चांगली शास्त्रज्ञ मंडळी हमरीतुमरीवर आली होती.

आधी एक गोष्ट, हिमकणांची नसलेली. आर्थर वर्दिंग्टन हा इंग्लंडमधला भौतिकशास्त्रज्ञ. दुधाचा किंवा पाऱ्याचा थेंब पृष्ठभागावर आदळला की नेमकं काय होतं, याचा त्याने १८७०च्या दशकापासून ध्यास घेतला होता. पद्धत मोठी मजेची. अंधाऱ्या खोलीत थेंब सोडायचा, तो आदळताना विजेची ठिणगी पाडायची, त्या क्षणभराच्या उजेडात जे दिसलं ते डोळ्यांतून पुसलं जायच्या आत कागदावर काढायचं. मग ठिणगी जराशी उशिरा पाडून पुढची पायरी. अशी वर्षानुवर्षं काढलेली त्याची चित्रं म्हणजे मुकुटच मुकुट, प्रत्येक टोक सारखं, प्रत्येक अंतर सारखं. १८९४च्या सुमारास त्याला तेच फोटोत पकडता आलं आणि मुकुट वाकडे निघाले! एक टोक लांब, एक तुटलेलं, एक जागेवरच नाही. मग त्याने जुनी चित्रं पुन्हा चाळली, तर वेडेवाकडे थेंब त्यातही होतेच. डोळ्यांना ते तेव्हाही दिसले होते. पण ते अपघात समजून बाजूला ठेवले गेले होते, आणि जगासमोर गेली होती ती फक्त आदर्श चित्रं.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून होते. कॅमेऱ्यामुळे निसर्गाची नक्षी आपल्याला *दिसली* असं आपण धरून चालतो. इथे तर कॅमेऱ्याने नक्षी मोडली होती.

साधारण त्याच सुमारास बर्लिनमध्ये हिमकणांच्या बाबतीत अगदी हेच झालं. गुस्ताव हेलमन हा हवामानशास्त्रज्ञ आणि रिचर्ड नॉयहाउस हा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढण्यात तरबेज असलेला डॉक्टर. १८९२-९३च्या हिवाळ्यात नॉयहाउसने हिमकणांचे फोटो काढले आणि १८९३मध्ये हेलमनचं पुस्तक आलं. त्यांच्या हिमकणांत काहीतरी खोट होतीच, कुणाचा हात आखूड, कुणाची कड फुटकी. पण हे हिमकण खरे आहेत, आधीच्या चित्रकारांनी काढलेले कोरीव तारे नव्हेत, हाच हेलमनचा अभिमान.

आणि मग येतो बेंटली. विल्सन बेंटली, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको गावचा शेतकरी. पंधराव्या वर्षी आईने सूक्ष्मदर्शक दिला, तेव्हापासून पोरगा हिमकण बघून बघून चित्रं काढायचा, पण चित्र पुरं व्हायच्या आत हिमकण वितळायचा. वडिलांना हे सगळं खुळचटपणाचं वाटे, तरी कॅमेऱ्याचे पैसे त्यांनीच दिले. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला पहिला फोटो जमला. पुढची शेहेचाळीस वर्षं हा माणूस दर हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत काळ्या फळीवर हिमकण झेलत राहिला. त्यातला चांगला हिमकण काडीने उचलून काचेवर ठेवायचा, पिसाने हलकेच दाबायचा आणि फोटो काढायचा. असे पाच हजारांहून जास्त फोटो. दुसरीकडे गाईंचं दूध काढणं चालूच!

आता गोम अशी की सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोत पारदर्शक हिमकण उजळ पार्श्वभूमीवर येतो, फारसा उठून दिसत नाही. म्हणून बेंटली निगेटिव्हची दुसरी प्रत काढायचा आणि चाकूच्या टोकाने हिमकणाच्या सभोवतालचा थर खरवडून टाकायचा. छापल्यावर पार्श्वभूमी काळीकुट्ट आणि तारा पांढराशुभ्र. हेलमनने यावरच बोट ठेवलं. हे खरवडताना हिमकणांच्या कडाच बदलतात, मग याला शास्त्र कसं म्हणायचं? बेंटलीचं म्हणणं साधारण असं की, मूळ निगेटिव्ह मी जपून ठेवतो, आणि हात फिरवल्याने फोटो निसर्गाच्या जवळ जात असेल तर तो फिरवायलाच हवा.

माझं मत विचाराल तर खरवडणं ही किरकोळ बाब आहे. खरी निवड त्याच्या कितीतरी आधी, त्या काळ्या फळीवरच होत होती. शेकडो हिमकण पडायचे, बेंटली उचलायचा एखादाच. आणि तो उचलायचा सुंदर तोच. १९३१मध्ये हम्फ्रीजबरोबर त्याचं पुस्तक आलं, दोन हजारांहून जास्त फोटोंचं, त्याच वर्षी २३ डिसेंबरला न्यूमोनियाने तो गेला. जगाच्या डोक्यात हिमकण बसला तो त्याचा, स्वेटरवरचा, ख्रिसमस कार्डावरचा, सहा तंतोतंत पाकळ्यांचा.

माझ्या पुण्याच्या आत्याला मी असेच फोटो पाठवते. ती म्हणते, "अगं, ही तर देवाने ठिपके मोजून काढलेली रांगोळी!" तिला दिसतात ते सहा-सात फोटो. एका सकाळचे उरलेले दोनेकशे कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये पडलेले असतात: मोडके, एकमेकांत अडकलेले, नुसत्या सुया, नुसते ठोकळे.

पण म्हणून सहाचा नियम खोटा ठरत नाही हं. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीतच बसतात. सहाही हात एकाच हवेतून, एकाच तापमानातून खाली येतात म्हणून साधारण सारखे वाढतात. एका बाजूला बाष्प जास्त मिळालं किंवा वाटेत टक्कर झाली की बिघडलं गणित. आणि तारेच पडतील असंही नाही. उणे पंधराच्या आसपास नक्षीदार तारे, उणे पाचला सुया आणि खांब. मला सुया मिळाल्या की मी वैतागून आत जायचे, हे आठवून आता हसू येतं.

या सुयांना न्याय दिला तो उकिचिरो नाकाया या जपानी माणसाने. शिकलेला अणुभौतिकी, नोकरी लागली होक्काइदो विद्यापीठात, तिथे त्या विषयाची साधनं नाहीत. बर्फ मात्र हवा तेवढा! बेंटलीचं पुस्तक त्याला फार आवडलं होतं, पण त्याने उलटं केलं. तोकाची डोंगरावरच्या झोपडीत बसून जे जे पडेल त्याचे फोटो काढले, बेढब हिमकणांसकट. मग थंड खोलीत सशाच्या केसावर १९३६मध्ये जगातला पहिला कृत्रिम हिमकण वाढवला आणि कोणत्या तापमानाला, किती बाष्पात कोणता आकार येतो याचा तक्ताच मांडला. खाली पडलेला हिमकण पाहून वरच्या हवेबद्दल सांगता येऊ लागलं. नुसते तारे वेचून हे कधीच जमलं नसतं.

परवा आत्याला पहिल्यांदाच त्या दुसऱ्या फोल्डरमधले वीसेक फोटो पाठवलेत. अजून उत्तर आलेलं नाही. बहुधा चष्मा शोधत असेल. :-)